‘पडले’ म्हणायचे नाही



या वेळी कापसाच्या भावाचा मजकूर शेवटच्या पानावर गेला आहे. त्याबद्दल काही जण आमच्यावर रागावतील. रागवा. पण जिल्हा बैठकीला येण्याआधी हे पान वाचून या, आणि जमले तर घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

मे २०२२ च्या अखेरीस रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात एका विहिरीत सहा लेकरांचा जीव गेला. पाच मुली आणि एक मुलगा. आईवरच खुनाचा गुन्हा नोंदला गेला. सासरच्या माणसांनी मारहाण केल्यानंतर तिने हे केले, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. वर्तमानपत्रांनी दोन-चार दिवस बातमी चालवली, मग पेरणीचे दिवस आले आणि सगळे आपापल्या कामाला लागले. आम्हीही लागलो.

त्या बाईचा निवाडा न्यायालयाने करायचा, आम्ही करणार नाही. आमच्या डोक्यात घोळतो तो दुसरा हिशेब. कुठल्याही गावात घरातल्या पहिल्या थपडेपासून विहिरीच्या काठापर्यंत मध्ये किती दारे असतात? शेजारणीचे दार असते, अंगणवाडीचे असते, दवाखान्याचे, पोलीस पाटलाचे, एसटी स्टँडाचे, ठाण्याचे. ही सगळी दारे असताना बाई विहिरीपर्यंत पोचते, याचा अर्थ तिला ती उघडी दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत याला कारण तिच्याभोवतीची माणसे, म्हणजे तुम्ही-आम्ही.

कुणी म्हणेल, आपण कापूस-ज्वारीवाले, महाड-पोलादपूरशी आपला काय संबंध? संबंध सांगतो. सावित्रीच्या खोऱ्यातला हा मुलूख. वरंधा किंवा आंबेनळीचा घाट उतरला की खाली भाताची खाचरे, वर उतारावर नाचणी आणि वरी. पाऊस आपल्या तिपटीहून जास्त. पण तो सगळा वाहून समुद्राला जातो आणि उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. एक पावसाळी पीक, त्यावर घर चालत नाही, म्हणून तरणी माणसे मुंबईला. तेही कोरडवाहूच म्हणायचे. घरी मागे राहते ती सून, म्हातारे सासू-सासरे आणि पोरे. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येतो. आपल्याकडे नवरा बारा महिने घरी असतो. मारायला दोन्हीकडे वेळ मिळतो. फरक एवढाच, की तिथे बाईचा छळ पुष्कळदा पैसे न पाठवूनही होतो. मनिऑर्डरचे दिवस गेले, आता पैसे फोनवर येतात आणि फोनवरच बंद होतात. दीर आणि सासू तिच्यावर पहारा ठेवतात, आणि ती कुठे गेली, कुणाशी बोलली याची खबर मुंबईला त्याच रात्री पोचते.

आणि महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ ला तिथे पाण्याला हात लागला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच गावात मनुस्मृती जाळली गेली. बाईने लहानपणी बापाच्या, मग नवऱ्याच्या आणि म्हातारपणी पोराच्या ताब्यात राहावे असे सांगणारे ते पुस्तक. त्या परिषदेला बायाही आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले होते. त्या होळीला आता शंभर वर्षे होत आली. ताबा मात्र सुटलेला नाही, महाडात नाही आणि आपल्या वावरातही नाही.

आता आपल्या घराकडे वळू. हा विषय निघाला की आपल्यातले शहाणे लोक एक ठरलेले कारण पुढे करतात. शेतकऱ्याला भाव नाही, डोक्यावर कर्ज, कृषी केंद्रवाल्याची उधारी, मग माणूस तापतो, दारू पितो आणि हात उठतो. शेतकऱ्याची लूट होते हे आम्हीच तीस-चाळीस वर्षे ओरडून सांगत आलो, ते आम्हाला कुणी शिकवू नये. पण जरा जिनिंगच्या दारात उभे राहून पाहा. ग्रेडर बोंड चुरगाळतो, ओलावा जास्त आहे म्हणून क्विंटलमागे पैसे कापतो. गाडीवान रात्रभर थंडीत थांबलेला असतो. तिथे कुणी ग्रेडरच्या थोबाडीत मारली का? बँकेचा साहेब चार खेटे घालायला लावतो, त्याच्यापुढे आपण टोपी सरळ करून ‘साहेब, साहेब’ करतो. म्हणजे राग आवरता येतो. दिवसभर आवरलेला असतो. तो सुटतो नेमका उंबऱ्याच्या आत, जिथे उलटा मार बसण्याची भीती नाही. आणि तेच कर्ज, तीच नापिकी तिच्याही डोक्यावर असते. वेचणीने बोटे तिचीही फाटतात. ती कुणाला मारते?

दारूने मार सुरू होतो हेही अर्धेच खरे. दारू न पिणारे, माळ घातलेले, बैठकीत पहिल्या रांगेत बसणारे मारकुटे आम्ही पाहिले आहेत. आमच्याच एका बैठकीची सगळी व्यवस्था ज्याने उत्तम केली, त्याच्या बायकोचा हात प्लास्टरमध्ये होता. आम्ही विचारले, ती म्हणाली, पायरीवरून पडले. त्या घराला पायरी नव्हती. आम्ही चहा घेतला आणि निघून आलो. ही गोष्ट लिहायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या दर चार बायांत साधारण एकीने नवऱ्याकडून मार किंवा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. हे सांगितलेले, न सांगितलेले वेगळे. आणि देशभरात असा मार सोसलेल्या शंभर जणींपैकी मदत मागायला गेलेल्या अवघ्या चौदा. बैठकीला वीस घरांची माणसे बसली असतील तर त्यात पाच घरे ही असणार. कुणाकडे बोट दाखवू नका, मनातल्या मनात मोजा.

यापुढचे मायबहिणींसाठी आहे. पुरुषांनीही वाचावे, म्हणजे आपली बहीण-लेक दारात आली तर काय करायचे ते कळेल.

बाई, तू मार खातेस यात तुझी चूक नाही. भाजी खारट झाली, मुलगी झाली, उलट बोललीस, यातले कुठलेही कारण मारायला पुरेसे नाही. हे एकदा मनात पक्के कर. मग बाकीचे.

भांडण पेटते आहे असे दिसले की चुलीपाशी, नहाणीत किंवा आतल्या खोलीत जाऊ नकोस. विळा, कुऱ्हाड, रॉकेल तिथेच असते आणि बाहेर पडायला वाट नसते. अंगणाकडे, रस्त्याकडे, माणसांकडे सरक. आरडाओरडा कर, लाज बाळगू नकोस. पोरांना आधीच शिकवून ठेव की मध्ये पडायचे नाही, पळत जाऊन अमक्या काकूला बोलवायचे. त्या काकूशी एक खूण ठरवून ठेव. दारातली कळशी उलटी दिसली तर समजायचे, असे काहीही चालेल. कुणीतरी गळा दाबला असेल तर तो मार साधा समजू नकोस. वरून काही दिसत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठ, आणि हा माणूस जीव घेऊ शकतो असे धरून चाल.

फवारणीचे औषध घरात ठेवू नका हे आम्ही शेतकऱ्याच्या जिवासाठी सांगतो, तेच इथेही सांगतो. डबा गोठ्यात नको, माळ्यावर नको. कुलपाच्या पेटीत, आणि किल्ली तिसऱ्याकडे. ज्या घरात मार आहे त्या घरात तर नक्कीच. आणि बाई, जीव नकोसा झाला तर त्या घटकेला एकटी राहू नकोस. कुणाच्याही ओट्यावर जाऊन बस आणि मनात आले ते तोंडाने सांग. ती घटका टळते. टळल्यावर पुष्कळ काही करता येते.

काही कागद हळूहळू एका पिशवीत जमव आणि ती पिशवी माहेरी किंवा विश्वासाच्या बाईकडे ठेव. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, तुझ्या नावाचे पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, थोडे पैसे. मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धे तिकीट आहे. पोलादपूरच्या वाडीतून महाडला यायला किंवा आपल्याकडे खेड्यातून तालुक्याला जायला पैसा आता फारसा आडवा येत नाही. आडवी येते ती संध्याकाळची शेवटची गाडी. तिची वेळ पाठ असू दे. जायचे ठरवलेस तर आधी सांगून जाऊ नकोस. ‘मी आता चालले’ असे म्हणण्याची वेळ आणि त्यानंतरचे काही दिवस हेच सगळ्यात धोक्याचे असतात. धमकी देऊ नकोस, संधी साधून निघ, पोरांना बरोबर घे.

दोन आकडे पाठ कर. १८१ हा बायांसाठीचा मदतीचा फोन, रात्रंदिवस चालू, फुकट. आणि जीवावर आले असेल तर ११२, तिथून पोलीस येतात. फोन नवऱ्याच्या हातात असतो, म्हणून लावल्यावर नंबर पुसून टाक, किंवा शेजारणीच्या फोनवरून लाव. घाटाखाली खोऱ्यांत रेंज नसते, आपल्याकडेही कित्येक शिवारांत नसते. मग अंगणवाडीताई किंवा आशाताई. तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण आणि कुठे बसतात ते त्यांच्याकडून कळते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ नावाचे केंद्र असते. तिथे तात्पुरता निवारा, डॉक्टर, वकील आणि पोलीस यांची मदत एका छताखाली मिळावी अशी योजना आहे. महाडवाल्या बाईला जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अलिबाग, शंभर किलोमीटरच्या पुढे. योजना आखणाऱ्यांनी हे अंतर कधी एसटीने, कडेवर पोर घेऊन कापून पाहावे. म्हणून आधी १८१ ला फोन, मग प्रवास.

आणि दवाखान्यात ‘पडले’ म्हणायचे नाही. या अंकातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू द्या. डॉक्टरला खरे सांग, कुणी मारले, कशाने मारले, कधी. ते कागदावर लिहायला सांग आणि कागदाची प्रत माग. उपचार करणे दवाखान्याला बंधनकारक आहे. वर्ष-दीड वर्षाने न्यायालयात उभी राहशील तेव्हा अंगावरचे वळ गेलेले असतील, साक्षीदार फिरलेले असतील, तो कागद मात्र जिथल्या तिथे असेल. ‘पडले’ असे लिहिलेला कागद समोरच्या वकिलाच्या कामी येतो.

कायद्याचे थोडे. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूर छळाचा गुन्हा १९८३ पासून आहे. तेव्हाचे कलम ४९८ अ, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ८५ आणि ८६. हा कायदा गुन्हेगाराला शिक्षा करतो. पण बाईला त्या रात्री शिक्षेपेक्षा छप्पर हवे असते, उद्याची भाकर हवी असते. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. या कायद्याने न्यायाधीश हुकूम देतात की मारायचे नाही, घराबाहेर काढायचे नाही, खर्चाला इतके द्यायचे, पोरे आईजवळ राहतील. तातडीचा हुकूम लगेच मागता येतो. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता मारच नाही, तर शिवीगाळ, पैसे अडवणे, स्त्रीधन विकून खाणे हेही यात येते. मुंबईहून पैसे बंद करणारा नवरा यात बसतो, आणि कापसाचा सगळा चुकारा स्वतःच्या खात्यावर घेऊन बायकोला मिठाला मोताद करणारा आपला गडीही बसतो.

घर नवऱ्याच्या नावावर नाही, सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून ‘तुझा इथे काय हक्क’ असे सांगून बाईला हाकलले जाते. ज्या घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिचा हक्क घर सासऱ्याच्या मालकीचे असले तरी मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले आहे. अर्ज सासरच्या तालुक्यातच करावा लागतो असेही नाही. माहेरी आसरा घेतला असेल तर तिथल्या न्यायालयात करता येतो. फौजदारी तक्रारही माहेरच्या ठाण्यात देता येते, २०१९ चा तसा निकाल आहे. ठाणेदार ‘आमच्या हद्दीतले नाही’ म्हणाला तर त्याला हे पान दाखवा. वकील फुकट मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००.

आणि शेजाऱ्यांसाठी एक. डोळ्यांसमोर मार चालला असेल तर तुम्हीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकता. खऱ्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल तुमच्यावर कुणी खटला भरू शकत नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. ‘त्यांच्या घरचा मामला’ हे उत्तर आता कायद्याला चालत नाही.

कायद्याचा गैरवापर होतो, अशी कुरकूर करणारे आपल्यातही आहेत. काही ठिकाणी होतही असेल. सातबाऱ्याचाही गैरवापर होतो, म्हणून आपण सातबारा बंद करा म्हणत नाही. २०१४ पासून अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. आणि २००५ च्या कायद्याची सुरुवात अटकेने होतच नाही, हुकुमाने होते.

आता आमच्या कार्यकर्त्यांना चार शब्द सुनवायचे आहेत. गावात असा तंटा आला की आपण मध्यस्थी करतो. नवऱ्याला दोन शब्द, बायकोला चार शब्द, दोघांचे हात हातात, चहा, आणि ‘नांदायला पाठवली’ म्हणून मिशीला पीळ. बांधाच्या भांडणात ही रीत ठीक आहे. दोघांचीही जमीन, दोघांचाही हट्ट. मारात दोन बाजू नसतात. एकाचा हात असतो आणि दुसरीचे अंग असते. तंटामुक्त समित्यांनीही अशी प्रकरणे मिटवली म्हणून खात्यावर आकडे लावून घेतले आहेत. परत पाठवलेली बाई पुढच्या महिन्यात कशी होती, हे विचारायला त्यातले किती जण गेले? यापुढे आमच्या कार्यकर्त्याने समेट करू नये. बाईला एकटीला बाजूला घेऊन, सासरचे कुणी ऐकत नाही असे पाहून विचारावे, तुला काय हवे? तिला घरी जायचे असेल तर तिच्या अटी लिहून, तारखेनिशी, दोन बायांच्या साक्षीने. आणि आठ-आठ दिवसांनी कुणीतरी बाईने जाऊन यायचे. तिला जायचे नसेल तर गाडी काढायची. गावात ट्रॅक्टर मोर्चाला निघतो, तो रात्री दहाला ठाण्यापर्यंतही जातो.

माहेरच्यांनाही सांगायचे आहे. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून रडत पाठवलेली लेक सुजलेला चेहरा घेऊन आली, तर धाकट्या बहिणीचे लग्न अडेल या भीतीने तिला दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवू नका. लग्न अडले तर अडू द्या.

शेवटी जमिनीचे, कारण ते आपले आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या हाकेला लाखांवर बाया जमल्या. तिथून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ निघाली. शेतकऱ्याने आपल्या हाताने, आपल्या खुशीने, बायकोच्या नावे जमीन करायची. कित्येक गावांनी केली. १९९२ मध्ये बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचे परिपत्रक सरकारनेही काढले. गावठाणातल्या घराला नवरा-बायको दोघांची नावे लावण्याचा आदेश २००३ चा आहे. हे सगळे कागद तलाठ्याच्या आणि ग्रामसेवकाच्या कपाटात आहेत. ज्या बाईचे नाव घराला आणि वावराला आहे तिला रात्री दहाला ‘निघ माझ्या घरातून’ म्हणणे अवघड जाते. तिला नवऱ्याला सोडायचे असो की नसो, तिच्या पायाखाली जमीन असते. तेव्हा ज्यांनी ही सही केली, त्या वेळी त्यांना गावाने बाईलवेडे म्हणून चिडवले. त्यातले काही आता आजोबा झाले आहेत आणि बैठकीला येतात. त्यांना विचारा, काय गमावले?

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणायच्या आहेत. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि कचेरीचा पत्ता. ज्यांच्या दारावर रात्री कुणीही बाई थाप मारू शकेल अशा गावातल्या दोन बायांची नावे, त्यांना विचारून. आणि स्वतःच्या घराचा आठ-अ आणि सातबारा, बायकोचे नाव त्यावर आहे की नाही ते पाहून. नाव नसेल तर बैठकीच्या ठिकाणी अर्ज भरून घेतले जातील. बैठक सकाळी अकराला, जेवणाआधी हाच विषय. कापसाच्या भावाचा विषय जेवणानंतर. बायांना बरोबर आणा, आणि भाकरी या वेळी तुम्ही बांधा.